काय सोपवावे, काय हाती ठेवावे

(नव्या सॉफ्टवेअर उद्योजकांना मार्गदर्शन करणारे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)

केंद्र शासनाने जानेवारी २०१६ मध्ये 'स्टार्टअप इंडिया' हा कार्यक्रम सुरू केला आणि महाराष्ट्र शासनाने २०१८ साली या क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरण आखले. तेव्हापासून स्टार्टअप हा शब्द मुंबई-पुण्याच्या वेशीबाहेर पडून नाशिक, नागपूर, कोल्हापूर, अमरावतीपर्यंत पोहोचला आहे. अभियांत्रिकीची पदवी घेतलेली मुलगी किंवा मुलगा दोन मित्र जमवितो, एक भाड्याची खोली घेतो आणि दवाखान्यांसाठी, दूध संस्थांसाठी किंवा शाळांसाठी सॉफ्टवेअर तयार करू लागतो. त्यात गुंतलेले भांडवल पुष्कळदा वडिलांच्या निवृत्तीनंतर हाती आलेली रक्कम असते. कधी आईचे दागिने असतात. अशी मंडळी सल्ल्यासाठी आपल्या जुन्या शिक्षकांकडे जातात, जिल्हा उद्योग केंद्रात जातात, गावी आली की सरपंचांकडेही जातात. कर्ज, जागा, नोंदणी, अनुदान यांविषयी त्यांना सल्ला मिळतो. परंतु धंदा चालू लागून हाताखाली चार-सहा माणसे आली, म्हणजे कोणते काम दुसऱ्यावर सोपवावे आणि कोणते स्वतःकडेच ठेवावे, या प्रश्नावर सहसा कोणी बोलत नाही. चांगले सॉफ्टवेअर तयार करूनही याच ठिकाणी ठेचकाळलेले धंदे थोडे नाहीत.

या बाबतीत एक समजूत सर्रास आढळते. सॉफ्टवेअरचा धंदा आहे, तेव्हा संगणकाच्या आज्ञावली लिहिणे हेच संस्थापकाचे मुख्य काम; ते त्याने कोणाच्या हाती देऊ नये. बाकीचे करारमदार, वसुली, नोकरभरती, गिऱ्हाइकांच्या तक्रारी हे सारे 'कारकुनी' काम. ते एखाद्या होतकरू माणसावर टाकून मोकळे व्हावे. ही समजूत वरवर पाहता पटण्याजोगी आहे. या धंद्याचा इतिहास मात्र तिच्या नेमका उलट आहे.

एका कराराची गोष्ट

मायक्रोसॉफ्ट ही कंपनी बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी १९७५ साली अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्की येथे सुरू केली. आरंभीच्या वर्षांत इतरांनी लिहिलेली आज्ञावली ओळ न् ओळ वाचून गेट्स तिचे काही भाग स्वतः नव्याने लिहीत, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. म्हणजे आज्ञावलीविषयी त्यांची आस्था कोणाहून कमी नव्हती. १९८० साली आयबीएम ही बलाढ्य कंपनी आपल्या नव्या छोट्या संगणकासाठी त्यांच्याकडे आली. तिला संगणकाची मूळ कार्यप्रणालीही हवी होती, आणि ती मायक्रोसॉफ्टजवळ नव्हती. चाळीस-एक माणसांच्या त्या कंपनीने प्रणाली मुळापासून लिहिण्याचा हट्ट धरला नाही. सिॲटल परिसरातीलच एका छोट्या कंपनीत टिम पॅटरसन नावाच्या अभियंत्याने तशी प्रणाली लिहिलेली होती. तिचा परवाना प्रथम २५ हजार डॉलरना घेतला गेला आणि जुलै १९८१ मध्ये तिचे सर्व हक्क ५० हजार डॉलरना विकत घेण्यात आले. पॅटरसन यांनाही मायक्रोसॉफ्टने नोकरीवर घेतले होते.

म्हणजे ज्या वस्तूवर पुढे कंपनीचे सारे वैभव उभे राहिले, तिची मूळ आज्ञावली संस्थापकाने लिहिलेली नव्हती. ते काम बाहेरून आले. गेट्स यांनी जातीने लक्ष घातले ते करारातील शर्तींमध्ये. आयबीएमने ही प्रणाली वापरावी, परंतु तीच प्रणाली इतर संगणक उत्पादकांना देण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टकडेच राहावा, ही ती शर्त. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा संगणक जाहीर झाला. त्यानंतर दीड-दोन वर्षांतच त्याच धाटणीचे संगणक इतर कंपन्या बनवू लागल्या, आणि त्यांतील प्रत्येकाला मायक्रोसॉफ्टच्या दारी यावे लागले. समजा, करारनामा वकिलावर सोपवून संस्थापक आज्ञावली लिहीत बसले असते, तर त्यांच्या हाती एक उत्तम आज्ञावली आणि एक ठोक रक्कम एवढेच उरले असते.

आपल्याकडील तरुण उद्योजकाला येथे थांबून विचार करण्यासारखे बरेच आहे. एखाद्या बाजार समितीसाठी किंवा रुग्णालयासाठी सॉफ्टवेअर तयार करून देताना 'सर्व हक्क खरेदीदाराचे' असे एक वाक्य करारात असते. घाईत, पहिल्या धनादेशाच्या आनंदात, त्यावर सही होते. वर्षभराने दुसरे रुग्णालय तेच सॉफ्टवेअर मागते, तेव्हा ते विकण्याचा अधिकारच उरलेला नसतो. आज्ञावली पुन्हा लिहिता येते. सही केलेला करार पुन्हा लिहिता येत नाही. संस्थापकाने कामाची विभागणी करताना कोणते काम अवघड आहे यापेक्षा कोणती चूक नंतर दुरुस्त होण्यासारखी नाही, हे आधी पाहावे, असे या उदाहरणावरून दिसते.

पैसा आणि माणसे

मायक्रोसॉफ्टमध्ये सोपविलेली कामेही पुष्कळ होती. अल्बुकर्कीच्या कार्यालयात सुरुवातीलाच एका मध्यमवयीन गृहिणीला, चार मुलांच्या आईला, चिटणीस म्हणून नेमण्यात आले होते. पगारपत्रक, हिशेब, पत्रव्यवहार या कामांचा भार तिने उचलला. संस्थापक विशीतील तरुण असताना घर चालविण्याचा अनुभव असलेल्या व्यक्तीला कार्यालय चालवू द्यावे, हा निर्णय शहाणपणाचाच म्हटला पाहिजे. १९८० साली गेट्स यांनी आपले महाविद्यालयीन मित्र स्टीव्ह बामर यांना व्यवहाराची बाजू पाहण्यासाठी आणले. बामर आल्याबरोबर म्हणू लागले की माणसे अपुरी आहेत, आणखी दीड डझनभर घ्यावी लागतील. गेट्स यांना ते ऐकून धडकीच भरली. गिऱ्हाइकांकडून एक पैसाही आला नाही तरी सर्वांचे वर्षभराचे पगार देता येतील इतकी रक्कम बँकेत असावी, हा त्यांचा दंडक होता. अखेर माणसे शोधून आणण्याचे काम बामर यांच्याकडे गेले; कंपनीच्या पैशाच्या मानाने भरती पुढे धावू लागली तर थांबा म्हणण्याचा अधिकार गेट्स यांनी आपल्याकडे ठेवला.

ही वाटणी शासकीय अधिकाऱ्यांच्या परिचयाची आहे. वित्तीय अधिकार नियमपुस्तिकेत कोणत्या पदावरील अधिकाऱ्याने किती रकमेपर्यंत मंजुरी द्यावी, हे लिहून ठेवलेले असते. त्या मर्यादेच्या आत त्याला वर विचारावे लागत नाही. लहान उद्योगात असे काहीच लिहिलेले नसते. म्हणून एक तर दीडशे रुपयांच्या केबलसाठी संस्थापकाची वाट पाहावी लागते, नाही तर दीड लाखाच्या सर्व्हरची मागणी परस्पर नोंदविली जाते. दोन्ही प्रकार एकाच कार्यालयात, एकाच आठवड्यात घडताना दिसतात. एका कागदावर रकमेची मर्यादा लिहून त्यावर सर्वांच्या सह्या घेतल्या तर अर्धी कटकट मिटते. शासकीय पद्धतीवर एरवी टीका पुष्कळ होते, पण ही गोष्ट तिच्याकडून घेण्यासारखी आहे.

माणसांची निवड हा याहून नाजूक विषय. गूगल कंपनी लॅरी पेज व सर्गे ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्थापन केली. मुलाखती घेणे, गुण देणे, शिफारस करणे ही कामे तेथे समित्यांकडे गेली. परंतु निवड झालेल्या प्रत्येक उमेदवाराची कागदपत्रे अखेरच्या मंजुरीसाठी पेज यांच्याकडे येत, आणि कंपनी हजारो माणसांची झाल्यावरही ही प्रथा बरीच वर्षे चालू राहिली. ते सर्वच मुलाखती पुन्हा घेत होते असे नव्हे. पण आपली शिफारस शेवटी संस्थापकाच्या डोळ्यांखालून जाणार आहे, हे ठाऊक असलेली समिती सैल पडत नाही.

याच गृहस्थांनी २००१ साली केलेला एक प्रयोग मात्र फसला. अभियंत्यांवर देखरेख करणारे व्यवस्थापक ही एक अडचण आहे, अशा समजुतीने त्यांनी मधली फळी काढून टाकली आणि शंभराहून अधिक अभियंते एकाच वरिष्ठाच्या हाताखाली आणले. काही महिन्यांतच व्यवस्थापक परत आणावे लागले. दोघांत मतभेद झाला तर तो मिटवायला आणि नव्या माणसाला शिकवायला कोणी तरी हवे, ही मागणी अभियंत्यांकडूनच आली. मुख्याध्यापकाने पर्यवेक्षक रद्द करून चाळीस शिक्षकांशी थेट व्यवहार ठेवला तर काय होईल, याची कल्पना येथील शिक्षकवर्गाला करून द्यावयास नको.

काम सोपवावे, कसोटी सोपवू नये

गूगलचीच २००२ सालची एक हकीकत या विषयावर चांगला प्रकाश टाकते. 'कावासाकी एच१बी' हे एका जुन्या मोटारसायकलचे नाव आहे. ते शब्द टाकून शोध घेतला असता बाजूला जाहिराती आल्या त्या अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाचे काम करणाऱ्या वकिलांच्या! पुण्या-मुंबईतील किती तरी घरांना हा व्हिसा परिचयाचा आहे. मोटारसायकल शोधणाऱ्याला त्याचा काय उपयोग? एका शुक्रवारी पेज यांनी अशी काही पाने छापून काढली, त्यांवर या जाहिराती टाकाऊ आहेत असे मोठ्या अक्षरांत लिहिले आणि ती कर्मचाऱ्यांच्या ये-जा करण्याच्या जागी भिंतीवर लावून ते निघून गेले. त्यांनी कोणाला बोलावले नाही, उपाय सुचविला नाही, की जाहिरात विभागाच्या प्रमुखाची खरडपट्टी काढली नाही. शनिवार-रविवारात जेफ डीन आणि आणखी काही अभियंत्यांनी आपण होऊन उपाय शोधला आणि सोमवारी पहाटे पाच वाजून पाच मिनिटांनी तो पत्राने कळविला. नवलाची गोष्ट अशी की यांपैकी एकही जण जाहिरात विभागातील नव्हता.

काम सोपवून दिल्यावरही ते ठीक चालले आहे की नाही, हे पाहण्याची एक वेगळी रीत जोएल स्पोल्स्की यांनी नोंदविली आहे. ते १९९०च्या सुमारास मायक्रोसॉफ्टमध्ये एक्सेल या कोष्टक-सॉफ्टवेअरवर काम करीत. १९९२ साली त्यांनी लिहिलेला काहीशे पानांचा आराखडा गेट्स यांच्याकडे तपासणीस गेला. बैठकीत पाहतात तो पानोपानी समासात गेट्स यांची टिपणे! प्रश्न सोपे होते, मग अवघड होत गेले, आणि अखेर तारखांवर येऊन थांबले. एक्सेलमधील तारखा आणि बेसिक भाषेतील तारखा जुळतात का? स्पोल्स्की यांनी सांगितले की जुळतात, केवळ १९०० सालचे जानेवारी व फेब्रुवारी सोडून. त्याचे कारणही त्यांना ठाऊक होते. १९०० हे लीप वर्ष नव्हते. शंभराने भाग जाणारे साल चारशेनेही भागले गेले तरच ते लीप धरतात. पण लोटस या आधीच्या लोकप्रिय सॉफ्टवेअरने ते लीप धरले होते, आणि त्यातील कोष्टके एक्सेलमध्ये चालावीत म्हणून ती चूक तशीच ठेवण्यात आली होती. एवढे ऐकून गेट्स यांचे समाधान झाले. स्पोल्स्की यांच्या मते आराखडा तपासणे हा त्या बैठकीचा हेतूच नव्हता; ज्याच्यावर काम सोपविले त्याला ते तळापर्यंत कळले आहे का, एवढेच पाहायचे होते. ज्या वरिष्ठाला स्वतःला विषय कळत नाही त्याला अशी तपासणी करता येत नाही, हे ओघानेच आले. तो मग हजेरीपट मागवितो, साप्ताहिक अहवालांचे नमुने वाढवितो.

म्हणूनच निदान आरंभी प्रत्येक महत्त्वाचे काम संस्थापकाने स्वतः करून पाहिलेले बरे. प्रवाशांना घरे भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या कंपनीची नोंदणी २००९ साली अडकून पडली होती. तेव्हा तिचे संस्थापक न्यूयॉर्कला गेले, भाड्याने कॅमेरा घेतला आणि घरोघर जाऊन त्यांनी खोल्यांची छायाचित्रे काढली. घरमालकांशी बोलणे झाले, त्यांच्या अडचणी समजल्या, चांगल्या छायाचित्रांनी गिऱ्हाईक वाढते हे दिसून आले. त्यानंतर ते काम नेमलेल्या छायाचित्रकारांवर सोपविण्यात आले. हाच क्रम उलटा झाला असता, तर छायाचित्रकाराला काय सांगावे हेही त्यांना कळले नसते. पहिली काही गिऱ्हाइके स्वतः मिळविणे, पहिल्या शे-दोनशे तक्रारींना स्वतः उत्तर देणे ही कामेही याच जातीची आहेत. तक्रार ऐकणारा माणूस पगारी असला म्हणजे तो ती सौम्य करून वर पाठवितो. तो अप्रामाणिक असतो म्हणून नव्हे. वाईट बातमी सांगणे कोणालाच आवडत नाही.

पुण्यातून निघालेली एक कंपनी

जुलै १९८१ मध्ये पुण्यात नोंदलेली इन्फोसिस ही या विषयातील महाराष्ट्राच्या अंगणातील गोष्ट. पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्समधून बाहेर पडलेल्या सात जणांनी, सुधा मूर्ती यांनी दिलेल्या दहा हजार रुपयांवर ती सुरू केली. १९८३ साली ती बंगळुरास गेली, याची हळहळ पुणेकरांना अजूनही वाटते. तेव्हा संगणक आयात करावयाचा तर परवान्यासाठी दिल्लीच्या खेपा घालाव्या लागत. टेलिफोन मिळणेही दुरापास्त होते. बहुतेक सहकारी अमेरिकेत गिऱ्हाइकाच्या कार्यालयात राहून आज्ञावली लिहीत, आणि नारायण मूर्ती भारतात राहून परवाने, बँका, सरकारी कचेऱ्या सांभाळीत. सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम सहकाऱ्यांकडे आणि कचेऱ्यांचे खेटे मुख्य संस्थापकाकडे, ही वाटणी आजच्या तरुणाला उफराटी वाटेल. पण त्या काळी कंपनीचे प्राण परवान्यात अडकलेले होते. पुढे विक्रीची बाजू नंदन निलेकणी यांनी सांभाळली. १९९४ पासून अर्थविभाग बाहेरून आलेल्या टी. व्ही. मोहनदास पै यांच्याकडे गेला.

हाती ठेवलेल्या गोष्टीची परीक्षा १९९५ साली झाली. उत्पन्नाचा सुमारे चौथा हिस्सा ज्या एका परदेशी कंपनीकडून येत असे, तिने दर पाडून मागितले. वाटाघाटींना सर्व सहकारी हजर होते. उत्तर देण्याची वेळ आली तेव्हा सर्वांच्या नजरा मूर्तींकडे वळल्या. त्यांनी नम्रपणे पण स्पष्ट शब्दांत नकार दिला. मूर्तींनी हा प्रसंग २००७ मधील न्यूयॉर्क येथील एका भाषणात सांगितला आहे. विक्रीची जबाबदारी दुसऱ्याची, हिशेब तिसऱ्याचा. पण उत्पन्नाच्या चतुर्थांशावर पाणी सोडण्याचा निर्णय कोणत्याही विभागप्रमुखाने घ्यावा अशी अपेक्षा करता येत नाही. त्यानंतर कोणत्याही एका गिऱ्हाइकावर इतके अवलंबून राहावयाचे नाही, अशी व्यवस्था कंपनीने लावली, आणि ती पाळण्याचे काम मात्र सर्व विभागांकडे गेले.

सही आणि किल्ली

पंचायत सदस्यांना अगदी जवळचा वाटेल असा एक मुद्दा राहतो. ई-ग्रामस्वराज प्रणालीतून ग्रामपंचायतीची देयके अदा करताना सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. ही स्वाक्षरी एका लहानशा उपकरणात असते. ते उपकरण आणि त्याचा परवलीचा शब्द संगणकचालकाजवळ देऊन ठेवले, तर काम झटपट होते. पण त्या क्षणापासून सही कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. लहान कंपन्यांतही नेमके हेच घडते. विवरणपत्रे वेळेवर जावीत म्हणून संचालकांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या कर सल्लागाराच्या खणात पडून असतात. विवरणपत्र तयार करण्याचे काम सल्लागारावर खुशाल सोपवावे, ते त्याचेच क्षेत्र आहे. वस्तू व सेवा कर थकला किंवा कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेली भविष्य निर्वाह निधीची रक्कम भरली गेली नाही, तर नोटीस मात्र सल्लागाराच्या नावे येत नाही.

संकेतस्थळाचे नाव, सर्व्हरचे मुख्य खाते, आज्ञावलीच्या साठ्याची किल्ली यांचेही तसेच. ही खाती पहिल्या अभियंत्याने सोयीसाठी आपल्या खासगी पत्त्यावर काढलेली असतात. तो नोकरी सोडून गेला की कंपनीच्या दाराला कंपनीचेच कुलूप लागते. ही खाती कंपनीच्या नावावर करून घेण्यास एक दुपार पुरते.

खुर्ची

सर्वांत अखेरीस सोपवावयाची वस्तू म्हणजे संस्थापकाची स्वतःची खुर्ची, आणि ती सोपविणे बहुतेकांना जड जाते. गेट्स यांनी जानेवारी २००० मध्ये मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे पद बामर यांना दिले आणि स्वतःकडे सॉफ्टवेअरच्या रचनेचे काम ठेवले. वीस वर्षांचे स्नेही असूनही पहिले वर्ष दोघांना कठीण गेले. पद एकाकडे आणि शेवटचा शब्द दुसऱ्याकडे, अशी स्थिती होती. आपण आता दुसऱ्या क्रमांकावर आहोत हे गेट्स यांनी मनाने स्वीकारल्यावरच गाडी रुळावर आली, आणि २००८च्या जूनमध्ये त्यांनी पूर्णवेळ काम सोडले. इन्फोसिसमध्ये २००२ ते २०१४ या काळात हे पद एका संस्थापकाकडून दुसऱ्याकडे जात राहिले. २०१४ मध्ये ते प्रथमच बाहेरच्या व्यक्तीकडे गेले. पुढे संचालक मंडळ आणि संस्थापक यांच्यातील मतभेद वर्तमानपत्रांत आले, ऑगस्ट २०१७ मध्ये त्या अधिकाऱ्याने राजीनामा दिला आणि निलेकणी अध्यक्ष म्हणून परतले. या वेळी त्यांनी कार्यकारी पद घेतले नाही. ते जानेवारी २०१८ मध्ये, पुन्हा बाहेरूनच आलेल्या सलील पारेख यांच्याकडे देण्यात आले.